कोडने फाइली हलवताना झालेले घोळ: तुमचे अनुभव सांगा

सुरुवात मीच करतो. आईबाबांच्या कोकण सहलीचे ४१२ फोटो दोन ओळींच्या पायथन लूपने (एकेक फाइल घेऊन तेच काम पुन्हा करणारा कोड) 'निवडक' फोल्डरमध्ये हलवले. फोल्डर बनवायलाच विसरलो होतो. फाइल हलवणारी पायथनची आज्ञा शटिल.मूव्ह एका शब्दाने बोलली नाही! तिने पहिल्या फोटोचंच नाव 'निवडक' केलं, दुसरा त्याच्यावर चढवला, तिसरा दुसऱ्यावर. उरली 'निवडक' नावाची एकच फाइल. नावाच्या शेवटी '.जेपीजी' जोडून उघडली, तर बाबा डोळे मिटून उभे. कॅमेऱ्याचं कार्ड पुसलं नव्हतं म्हणून वाचलो.

– लॅपटॉपवर पायथनचं ओएस.रिनेम सुरळीत, सर्व्हरवर पहिल्याच फाइलला एरर १८: 'इन्व्हॅलिड क्रॉस-डिव्हाइस लिंक'. तिथे फाइली ज्यात होत्या तो टेंप (तात्पुरत्या फाइलींचा) फोल्डर वेगळ्या डिस्कवर होता. रिनेम फक्त पत्ता बदलतं, सामान उचलत नाही. डिस्क बदलली की हात वर. म्हणून शटिल.मूव्ह घातलं. ते अशा वेळी कॉपी करतं आणि मग मूळ फाइल पुसतं. खरा घोळ पुढेच. कॉपी चालू असतानाच बिलं छापणाऱ्या प्रोग्रामने अर्धवट फाइल उचलली आणि अर्धीच बिलं छापली. आता आधी पोचायच्या डिस्कवरच '.पार्ट' नावाने कॉपी, पूर्ण झाली की तिथल्या तिथे रिनेम. तेवढं एका झटक्यात होतं.

– आमच्या जुन्या जावा कोडात फाइल हलवायला रिनेमटू होतं. जमलं नाही तर नुसतं फॉल्स (म्हणजे 'नाही') देतं, कारण सांगत नाही. आणि ते फॉल्स तरी कोण तपासत होतं! २०११च्या जावा ७मध्ये फाइल्स.मूव्ह आलं, ते निदान एक्सेप्शन (कारणासकट एरर) फेकून ओरडतं.

– विंडोजवर पाथ 'डी:\न्यू' असा इंग्रजीत लिहिला. उलट्या रेघेपुढचा एन म्हणजे नवी ओळ! अर्धा दिवस फोल्डर शोधत बसले. अवतरणाआधी आर लावला, म्हणजे रेघ रेघच राहते, आणि सुटले.

– मी प्रोग्रामर नाही, हिशेब बघतो. महिनाअखेरीला स्क्रिप्ट मधेच थांबते, एरर ३२, म्हणजे फाइल दुसऱ्या प्रोग्रामच्या ताब्यात. दर वेळी साहेबांच्या एक्सेलमध्ये तीच फाइल उघडी. आता स्क्रिप्टआधी चहा पाठवतो, ते उठले की चालवतो.

– पहिल्या दादांना: लूपच्या आधी फोल्डर बनवणारं ओएस.मेकडिर्स, एक्झिस्ट_ओके ट्रू (फोल्डर आधीच असला तरी चालतं). आणि पाथच्या शेवटी तिरकी रेघ द्या, म्हणजे फोल्डर नसला तर एरर तरी येईल.

– केलं हो ताई. डोळे मिटलेला फोटो आईने डीपीला लावलाय.