'मुंदिन आदेशदवरेगे' लसीकरण बंद: थांबू, की बाळाला चंदगडला नेऊ?

प्रश्न : पश्चिम भागातली सून (बेळगाव तालुका)

माझी मुलगी परवा सतरा महिन्यांची झाली. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर, दोन्ही राहिलेत. आमच्याकडे गुरुवारी अंगणवाडीत इंजेक्शनं असतात. गेले तीन गुरुवार काही नाही. दारावर कन्नडमधला एक कागद चिकटवलाय. मी महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातली, मला कन्नड वाचता येत नाही. नवरा उद्यमबागेतनं पाळी संपवून आला, त्यानं मोबाईलमधला फोटो बघून वाचलं, 'मुंदिन आदेशदवरेगे'. म्हणजे पुढचा आदेश येईपर्यंत. कोणाचा आदेश, कधी येणार, काहीच लिहिलेलं नाही.

झालंय ते असं. शेजारच्या गावात एका पोराला इंजेक्शननंतर ताप आला, मोठी गाठ झाली, पू धरला. बेळगावला नेऊन चिरा द्यावा लागला. पोर आता घरी आहे, खेळतंय. खरं त्या दिवसापासनं लोक पेटलेत. पंचायतीसमोर गर्दी जमली. "इथं रामदुर्ग करायचंय काय?" असं एकजण ओरडला आणि त्याच्यापुढं कोणाला काही बोलताच आलं नाही. जानेवारी २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, रामदुर्ग तालुक्यात, गोवर-रुबेलाची लस टोचल्यावर तीन तान्ही बाळं गेली होती. ते इथं कोणी विसरलेलं नाही. मीसुद्धा नाही.

सासूबाईंची पहिली मुलगी गोवरानं गेली. मला वाटलं त्याच म्हणतील, जा, टोचून आण. त्या म्हणतात, थांब. "देवीनं नेलं ते नेलं, आपण हातानं का नेऊन द्यायचं?" यावर मी काय उत्तर देऊ ते मला अजून सुचलेलं नाही. नवरा म्हणतो, खाजगीत पैसे भरून टोचू. माझी आई म्हणते, चंदगडला घेऊन ये.

असं सगळंच बंद ठेवणं बरोबर आहे काय? आणि मी थांबू काय? गावाचं नाव मुद्दाम देत नाही. आमची सिस्टर चांगली आहे, तिला त्रास नको.

उत्तर : कडोलीकर

वहिनी, माझं मत स्पष्ट आहे. बंद केलं ते बरं केलं. माझ्या पुतण्याचा डोसही याच महिन्यात आहे, आम्हीही थांबलोय. चालू ठेवून चौकशी कधी होत नाही ओ. एकदा काम सुरू राहिलं की फाईल खाली जाते.

उदाहरण देतो. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची एचपीव्ही लस आंध्रातल्या खम्मममध्ये आणि गुजरातच्या वडोदऱ्यात प्रकल्प करून मुलींना देत होते. काही मुली गेल्या, ओरड झाली आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला. मृत्यूंचा लसीशी संबंध नाही असा चौकशीचा निष्कर्ष आला, ते मला मान्य आहे. खरं चौकशी झाली म्हणूनच कळलं, की आंध्रात कितीतरी संमतीपत्रांवर आईबापांच्या नव्हे, वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. थांबवलं नसतं तर हे बाहेर आलं असतं काय?

उत्तर : निवृत्त सिस्टर, खानापूर

बाई, आधी एक सांग. गाठ कुठं आली होती, मांडीवर की दंडावर?

मी चौतीस वर्षं एएनएम, म्हणजे गावोगाव फिरणारी सरकारी नर्स होते, त्यातली बरीचशी खानापूरच्या जंगलपट्ट्यात. दीड वर्षाच्या बाळाला त्या दिवशी दोन सुया असतात. गोवर-रुबेला उजव्या दंडावर, कातडीखाली. त्रिगुणी मांडीत, खोल. गाठ मांडीवर असेल तर गोवराच्या लसीकडं बोट दाखवायचं कारण नाही. दुसरं, त्या दिवशी तिथं किती पोरं आली होती आणि आणखी कोणाला काही झालं काय, ते विचार. एकालाच झालं तर गोष्ट वेगळी. तिघाचौघांना झालं तर त्या दिवसाच्या हाताळणीत खोट आहे. चौकशीला येणारेही हेच आधी विचारतात.

रामदुर्गचं नाव निघालं म्हणून जरा सविस्तर सांगते. गोवर-रुबेलाची लस म्हणजे सुकी पूड. सोबतचं डायल्युएंट (पातळ करायचं पाणी) घालून ती पातळ करायची आणि चार तासांत संपवायची. उरली तर टाकायची. तिच्यात जंतूंना रोखणारं काही घातलेलं नसतं. त्रिगुणीची उघडलेली बाटली नीट थंड राखली तर अठ्ठावीस दिवसांपर्यंत चालते, हिचं तसं नाही. तीच बाटली दुसऱ्या दिवशी काढली तर आत जंतू वाढून त्यांचं विष तयार झालेलं असू शकतं. बाळाला काही तासांत उलट्या, जुलाब, ताप. २०१७ मध्ये दक्षिण सुदानमध्ये अशीच पंधरा मुलं गेली. तिथं चार दिवस एकच सिरिंज वापरली होती आणि लस थंडीत ठेवलीच नव्हती. रामदुर्गलाही लस ठेवण्यात आणि हाताळण्यात हलगर्जी झाली असंच पुढं आलं, कर्मचारी निलंबित झाले.

ही हलगर्जी कशी सुरू होते ते मी डोळ्यानं पाहिलंय. जांबोटीकडच्या एका वाडीवर भर पावसात एकच बाळ आलं होतं. बाटलीत पाच डोस. एका बाळासाठी फोडली, वर वेळ लिहिली, चार तासांनी उरलेली टाकली. महिन्याच्या मीटिंगला वरच्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुमचं वेस्टेज एवढं कसं?" मी मान खाली घालून बसले. पुढच्या महिन्यात माझ्याबरोबरची नवी पोरगी मला विचारते, "आक्का, उरलेले चार डोस उद्याच्या गावाला ठेवू काय?" माझ्या पोटात गोळा आला. ती पोरगी वाईट नव्हती, भ्याली होती. तिच्या हातातनं बाटली घेऊन मी स्वतः टाकली आणि वेस्टेजच्या रकान्यात माझी सही केली.

म्हणून कडोलीकरांशी मी अर्धी सहमत आहे. थांबवायला पाहिजेच. त्या सत्रातल्या बाटल्या आणि तोच बॅच नंबर असलेला साठा त्याच दिवशी पिशवीत बांधून, 'वापरू नये' लिहून बाजूला ठेवायचा आणि वर कळवायचं. खरं सगळ्या गावांतल्या सगळ्या लसी तीन-तीन आठवडे? गोवर कोणाच्या आदेशाची वाट बघत नाही. २०२२ च्या शेवटाला मुंबईत, गोवंडीकडं, गोवरानं पोरं गेली. डोस न घेतलेली पोरं साठत गेली की असंच होतं. अंगणवाडीवर भरवसा नसेल तर पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) डॉक्टरसमोर द्या. तमिळनाडूत २००८ मध्ये चार बाळं गेल्यावर सरकारनं गावोगावची सत्रं थांबवून लसीकरण आरोग्य केंद्रांत आणलं. लोकांना लांब पडलं, खरं लस बंद झाली नाही.

तू थांबू नकोस. चंदगडलाही मोफत मिळेल, राज्य कोणी विचारत नाही. तुझ्यासमोर बाटली फोडू दे, वेळ लिहिताना बघ आणि अर्धा तास तिथंच बस.

तुझ्या सासूबाईंशी मात्र वाद घालू नकोस. जिचं पोर गेलंय ती काहीही म्हणाली तरी ऐकून घ्यायचं.

उत्तर : निपाणीचा मास्तर

सिस्टरनी मुद्द्याला हात घातलाय. मला फक्त कागदावरच्या त्या शब्दांबद्दल बोलायचंय.

अमेरिकेत एप्रिल २०२१ मध्ये जॉन्सनची कोविड लस थांबवली. सुमारे ६८ लाख डोसांमागे रक्ताच्या गुठळ्यांच्या ६ केसेस दिसल्या होत्या. १३ तारखेला थांबवली, माहिती लोकांसमोर ठेवली, २३ तारखेला इशारा जोडून पुन्हा सुरू केली. जपाननं जून २०१३ मध्ये एचपीव्ही लसीची शिफारस मागे घेतली, ती पूर्ववत व्हायला २०२२ चा एप्रिल उजाडला. आधी सुमारे सत्तर टक्के मुली लस घेत होत्या, मधल्या काळात प्रमाण एक टक्क्याच्याही खाली गेलं. लसीवर तिथं बंदी नव्हती. सरकार गप्प राहिलं, आईबापांनी त्याचा अर्थ काढला.

'मुंदिन आदेशदवरेगे' असा कागद मला धोक्याचा वाटतो तो यासाठी. आणि तो फक्त कन्नडमध्ये लावल्यामुळं निम्म्या आयांना तेवढंही कळलेलं नसणार.

पश्चिम भागातली सून

सगळ्यांचे आभार. त्या पोराच्या आईला भेटले. गाठ मांडीवर होती. त्या दिवशी अकरा पोरं आली होती, बाकी कोणाला काही नाही. मग गोवर-रुबेला का बंद, ते आमच्या पंचायतीत कोणालाच सांगता आलं नाही.

काल मुलीला चंदगडला घेऊन गेले. तिथल्या सिस्टरनी आपल्याकडचं तायी कार्ड (आई-बाळाच्या नोंदींचं कन्नड कार्ड) उलटसुलट करून पाहिलं. तारखा कळल्या, कुठल्या लसीच्या त्या कळेना. नवऱ्याला फोन लावला, त्यानं कारखान्याच्या आवाजात एकेक रकाना वाचून सांगितला, मी मराठीत लिहून घेतला. मग त्यांनी माझ्यासमोर नवी बाटली फोडली, लेबलवर १०.४० लिहिलं. मुलगी रडली, शिनोळीपर्यंत झोपली. रात्री मांडीवरचा भाग थोडा गरम होता, ताप नाही. सासूबाई तिच्या उशाशी बसून होत्या. काही बोलल्या नाहीत.

आमच्या गल्लीत डोस राहिलेली नऊ पोरं आहेत. त्या सगळ्यांचं आजोळ चंदगडला नाही. आम्ही सहाजणी सोमवारी पंचायतीत अर्ज देणार. कोणती लस बंद, कोणती चालू, कुठल्या तारखेपर्यंत आणि तोवर कुठं मिळेल, एवढं दोन्ही भाषांत लावा करून मागणी आहे. मराठी अर्ज लिहून झालाय. कन्नड नवऱ्यानं लिहिलंय, शुद्धलेखन कोणी बघून देईल काय?

कडोलीकर

इथं टाका वहिनी. माझी भावजय कन्नड शाळेत शिकवते, आज रात्री बघून देईल. अर्जात चौकशीचा निकाल लेखी द्या असंही घाला, ते सोडू नका. आणि सिस्टर, तुमच्या ओळखीची कुठली पीएचसी असेल तर सांगा, पुतण्याला घेऊन जातो.