मदत हवी आहे: यवतेश्वर घाटात सायकलींमागे डीसीटी तापते

गाडी १.० टर्बो, सात गिअरची ड्राय क्लच डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). सातारा-कास रस्त्यावर रविवारी सकाळी सायकलवाले ८-१० च्या स्पीडने चढतात. वळणापलीकडचं दिसेपर्यंत आणि शेजारून दीड मीटर जागा मिळेपर्यंत मागेच राहावं लागतं, त्याबद्दल तक्रार नाही. हॉर्न मारला की उलट दचकून ते मध्ये येतात.

अडचण क्लचची. 'डी'मध्ये गाडी दुसरा टाकते, क्लच अर्धवट घासत राहतो. दोन-तीन वळणांत जळका वास, मग निघताना थरथर. मॅन्युअलला पहिला धरला तर क्लच पूर्ण बसतो, पण स्पीड सात-आठच्या खाली गेला की पुन्हा घासणं सुरू. चढावर अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरत नाही, ब्रेक दाबूनच थांबतो.

मोकळ्या जागी थांबून सायकलींना पुढे जाऊ द्यावं, की आणखी काही जमतं? पसरणी घाटात अशीच गाडी चालवणाऱ्यांनी सांगावं.

दुसरं, उतारावर दुसऱ्या गिअरचं इंजिन ब्रेकिंग असूनही शेवटी पेडल मऊ लागतं. ब्रेक ऑइल डॉट ४, अडीच वर्षं जुनं. पाणी शोषलेल्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू २३० वरून १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो आणि ऑइल उकळलं की पेडल मऊ पडतं, म्हणून ते बदलतोच आहे. सोबत पॅडही बदलावेत का? जाडी ५ मिमी उरली आहे.