मैत्रिणीच्या ग्रीन कार्डासाठी हमीपत्रावर सही करावी का?

ऋतुगंध
यावरून घरात बराच वाद झाला, म्हणून इथे मांडते. माझं मत जवळपास ठरलं आहे, पण विरोधातलं ऐकून घ्यायचं आहे.

माझी मैत्रीण चार वर्षांची असताना आईवडील तिला मेक्सिकोतल्या पुएब्लाहून अमेरिकेत घेऊन आले. सीमेवर तपासणी नाही, व्हिसा नाही. ती न्यू जर्सीतच वाढली, इथल्याच सरकारी शाळेत शिकली. आपल्याकडे कागद नाहीत हे तिला कळलं ते बरोबरीच्या मुली ड्रायव्हिंग लायसन्स काढायला निघाल्या तेव्हा. मी मास्टर्ससाठी आले तेव्हा इथे माझं कोणी नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात मला सांभाळलं ते तिने आणि तिच्या आईने.

२०१२ साली ओबामा सरकारने 'डाका' आणला (लहानपणी आणलेल्यांची हद्दपारी तात्पुरती थांबवणारी योजना). तिला कामाचा परवाना मिळाला, सोशल सिक्युरिटी नंबर मिळाला. पण दर दोन वर्षांनी पुन्हा अर्ज, पुन्हा फी, आणि त्यातून ग्रीन कार्डाकडे जाणारी वाट नाहीच. २०१७ मध्ये ट्रम्प सरकारने ती योजना बंद करायचं जाहीर केलं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती वाचवली, तीही बंद करण्याची पद्धत चुकली एवढ्याच कारणावर.

आता तिचं लग्न झालंय. नवरा जन्माने अमेरिकन, कॉलेजपासूनची ओळख. २०२३ मध्ये आजी अत्यवस्थ होती तेव्हा ती 'अॅडव्हान्स परोल' (बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी) घेऊन मेक्सिकोला जाऊन आली. वकिलांच्या मते परोलवर झालेल्या त्या प्रवेशामुळे देश न सोडता इथेच ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो. अडचण उत्पन्नाची आहे. नवरा पीएचडीच्या स्टायपेंडवर आहे आणि तिचा परवाना वेळेत नवा होऊन न आल्याने तिची नोकरी गेली. म्हणून नवऱ्याबरोबर तिच्या खर्चाची हमी घेणारा संयुक्त हमीदार लागतोय. मी नागरिक आहे, माझं उत्पन्न पुरतं. माझ्या मते सही करावी. घरच्यांना ते मान्य नाही.

फ्रिस्कोकर
स्पष्ट लिहितो, राग मानू नका. माझी प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डाच्या रांगेतली तारीख) २०१५ ची आहे. इतकी वर्षं कर भरतोय, एक दिवससुद्धा व्हिसाबाहेर राहिलेलो नाही. वडील गेले तेव्हा पासपोर्टवर व्हिसाचा चालू शिक्का नव्हता. परत येता येईल की नाही या भीतीने मी गेलो नाही. मुलगा तीन वर्षांचा असताना इथे आला. २१ चा झाला की एच-४ (माझ्या व्हिसावर अवलंबून असलेला त्याचा व्हिसा) संपतं. तोही लहानपणी आणलेलाच ना? त्याला डाका नाही, कारण १५ जून २०१२ रोजी ज्याच्याकडे कायदेशीर दर्जा होता तो त्यात बसत नाही. म्हणजे आम्ही नियम पाळले हाच आमचा गुन्हा.

तुमची मैत्रीण चांगलीच असेल. पण तिच्या आईवडिलांनी कायदा मोडला आणि त्याचं फळ तिला मिळणार. आपल्या लोकांनी अशा कामात स्वतःला गुंतवू नये असं माझं ठाम मत आहे.

चाफा
@फ्रिस्कोकर, तुमच्या मुलावर होणारा अन्याय खरा आहे. पण तो या मुलीने केलेला नाही. तिला ग्रीन कार्ड मिळाल्याने तुमची तारीख एका दिवसानेही मागे जात नाही. तुम्ही आहात नोकरीच्या कोट्यात: वर्षाला साधारण १,४०,००० व्हिसा आणि एका देशाला त्यातले सात टक्के. भारतीयांची कोंडी त्या सात टक्क्यांनी झाली आहे. अमेरिकन नागरिकाच्या जोडीदाराला संख्येची मर्यादाच नाही. तिने अर्ज केला नाही तरी तुम्ही आज जिथे आहात तिथेच राहाल.

फ्रिस्कोकर
@चाफा, आकडे मला पाठ आहेत. प्रश्न कायद्याच्या धाकाचा आहे. १९८६ मध्ये रेगनच्या काळात सुमारे २७ लाख लोकांना कागद दिले आणि आता पुढे असं होणार नाही म्हणाले. पुढे काय झालं ते समोर आहे. दर वेळी सूट मिळते हे कळलं की पुढचे आईबाप पोरांना कडेवर घेऊन निघतात.

आप्पा_फ्रीमाँट
भावना बाजूला ठेवून व्यवहाराचं बोलतो. ऋतुगंध, तू सही करणार तो फॉर्म आय-८६४. नुसतं चांगुलपणाचं पत्र समजू नकोस, तो सरकारशी केलेला करार आहे. तुझं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के हवं, आणि तुझ्या घरातल्या माणसांत तिला धरून. तिने उत्पन्नावर आधारित सरकारी मदत घेतली तर ती देणारं खातं तुझ्याकडून वसुली करू शकतं. ती स्वतःही तुझ्यावर दावा लावू शकते. न्यायालयांनी असे दावे मान्य केलेले आहेत.

आणि घटस्फोटाने हमी संपत नाही, हे बहुतेकांना माहीतच नसतं. ती नागरिक झाली, तिच्या कामाच्या ४० तिमाही भरल्या, ती दर्जा सोडून कायमची देशाबाहेर गेली किंवा तुम्हा दोघींपैकी कोणी वारलं, तरच तू मोकळी. आज तिच्यावर विश्वास आहे, मान्य. पण आठ वर्षांनी त्यांचं पटलं नाही, ती आजारी पडली, तुझी नोकरी गेली, तर? नवऱ्याशी बोलल्याशिवाय पेन हातात घेऊ नकोस. घरच्यांचा विरोध मला रास्त वाटतो.

ऋतुगंध
आप्पा, घटस्फोटाचं मला खरंच माहीत नव्हतं. नवऱ्याचा आक्षेपही पैशांचाच आहे, तिच्याबद्दल त्याच्या मनात काही नाही.

फ्रिस्कोकर, वडिलांचं वाचून फार वाईट वाटलं. पण चार वर्षांच्या मुलीने कुठला कायदा मोडला? तिला मेक्सिकोत पाठवलं तर ती जाणार कुठे? स्पॅनिश ती आईशी बोलण्यापुरती बोलते. तिथे तिचं एकच माणूस होतं, ती आजी, आणि ती आता नाही. तुमच्या मुलाला उद्या पुण्याला परत जा म्हणाले तर तुम्हाला जे वाटेल तेच तिची आई इतकी वर्षं सोसते आहे.

तळेगावकर
जरा वेगळं विचारतो. आमच्या ओळखीतला एक मुलगा २०११ मध्ये बारा वर्षांचा असताना आईबरोबर टूरिस्ट व्हिसावर न्यू जर्सीला आला. मुदत संपली तरी ते तिथेच राहिले. त्यालाही डाका मिळेल का? नसेल तर एखाद्या सिटिझन मुलीशी कागदोपत्री लग्न करून द्यायचं असं घरचे म्हणताहेत. मुलगी आणि पैसे दोन्ही तयार आहेत.

चाफा
@तळेगावकर, डाका मिळणार नाही. १५ जून २००७ पासून सलग इथे राहणं ही अट होती, तो चार वर्षं उशिरा आला. शिवाय टेक्सासमधल्या खटल्यामुळे २०२१ पासून पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांना मंजुरी मिळणं थांबलेलं आहे.

लग्नाबद्दल कळकळीने सांगते, हे करू नका. कागदासाठी केलेल्या खोट्या लग्नाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे, तोही त्या मुलीसकट. त्याहून वाईट म्हणजे एकदा तसा शेरा बसला की पुढे खरं लग्न केलं तरी त्याच्यासाठी केलेली जोडीदाराची याचिका मंजूर होत नाही. आयुष्यभर.

त्याची बाजू एका बाबतीत ऋतुगंधच्या मैत्रिणीपेक्षा भक्कम आहे. तो विमानतळावर तपासणी होऊन, व्हिसावर आला. पुढेमागे त्याने नागरिक मुलीशी मनापासून लग्न केलं, तर मुदत उलटून गेलेली असूनही इथेच अर्ज करता येतो. ते पहिलं आय-९४ (प्रवेशाची सरकारी नोंद) आणि जुना पासपोर्ट आईला जपून ठेवायला सांगा. आणि देश सोडू देऊ नका. अठरा पूर्ण झाल्यावर वर्षभराहून जास्त बेकायदा राहून बाहेर पडला तर दहा वर्षं परत येता येत नाही.

आप्पा_फ्रीमाँट
चाफाला पूर्ण अनुमोदन. आणि 'नोतारिओ' (नोटरी असून वकिली सल्ला विकणारे) किंवा ओळखीच्या एजंटाकडे जाऊ नका. इथला नोटरी वकील नसतो. बार असोसिएशनचा वकील गाठा, नाहीतर न्याय खात्याने मान्यता दिलेला प्रतिनिधी. चर्चच्या आणि सेवाभावी संस्थांत असे प्रतिनिधी असतात, फी कमी घेतात.

फ्रिस्कोकर
हेच म्हणतोय मी. मुदत उलटवलेल्यांना, सीमा ओलांडलेल्यांना कुठली ना कुठली खिडकी सापडते. माझ्या मुलाची खिडकी कुठली? 'अमेरिकाज चिल्ड्रन अॅक्ट' (माझ्या मुलासारख्या कायदेशीरपणे आणलेल्या मुलांसाठीचं विधेयक) २०२१ मध्ये मांडला, पुन्हा मांडला, मंजूर झाला नाही. त्याच्यासाठी किती जणांनी पत्रं लिहिली?

चाफा
ड्रीम अॅक्टही (लहानपणी कागदांशिवाय आणलेल्यांना कायमचा दर्जा देणारं विधेयक) २००१ पासून अडकलाय. २०१० मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झाला, सिनेटमध्ये लागणाऱ्या ६० पैकी ५५ मतं पडली. तुमचा मुलगा आणि ही मुलगी एकाच संसदेच्या दारात ताटकळताहेत, फ्रिस्कोकर. तिला मागे ओढून तो पुढे सरकणार नाही.

आता ऋतुगंध, मुद्द्याची गोष्ट. आप्पांनी ४० तिमाही म्हटलं तिथे मी थबकले. ती डाकाच्या परवान्यावर किती वर्षं काम करतेय? अर्जदाराच्या स्वतःच्या खात्यात सोशल सिक्युरिटीची (सरकारी पेन्शन योजनेची) ४० क्रेडिट, म्हणजे त्याच ४० तिमाही, जमा असतील तर हमीदार लागतच नाही. त्यासाठी पूर्वी आय-८६४डब्ल्यू हा वेगळा फॉर्म होता, आता ग्रीन कार्डाच्या अर्जातच (आय-४८५) ती सवलत मागतात. वर्षाला जास्तीत जास्त चार क्रेडिट, आणि रक्कम फार नसते: २०१३ मध्ये ११६० डॉलर कमाईला एक क्रेडिट होतं, २०२४ मध्ये १७३० डॉलरला. अर्धवेळ कामातही भरतात. तिला सोशल सिक्युरिटीच्या साइटवर जाऊन स्टेटमेंट उतरवून घ्यायला सांग.

ऋतुगंध
चाफा, हे वकिलांनी विचारलंच नव्हतं! ती कॉलेजात असल्यापासून काम करतेय. आधी पुस्तकांच्या दुकानात, मग दातांच्या दवाखान्यात. लगेच फोन करते.

ऋतुगंध
आत्ताच बोलले. ३८ निघाली. कॉलेजच्या वर्षांत काही ठिकाणी तीनच भरली आहेत. लग्नानंतरची नवऱ्याची क्रेडिट मिळवता येतील म्हणून तेही पाहिलं, पण त्याच्या स्टायपेंडवर सोशल सिक्युरिटी कापलीच जात नाही, त्यामुळे तिकडे शून्य. म्हणजे हमीदार लागणारच.

आप्पा_फ्रीमाँट
अगं, मग चित्रच बदललं. हमी संपते ४० क्रेडिट भरली की. तिची ३८ आहेत. परवाना हाती आल्यावर थोडे दिवस काम केलं तरी उरलेली दोन भरतील आणि तुझी जबाबदारी तिथेच संपेल. मला वाटलं होतं तू दहा वर्षं अडकशील. त्या काळात केंद्राची उत्पन्नावर आधारित मदत घेतलेली नसावी एवढं वकिलाकडून बघून घे, आणि स्टेटमेंटची एक प्रत स्वतःजवळ ठेव. माझा आक्षेप मागे घेतो. कॉलेज, नोकरी सांभाळून जी मुलगी ३८ पर्यंत आली ती दोनसाठी तुला अडचणीत आणणार नाही.

फ्रिस्कोकर
माझं तत्त्व मी बदललेलं नाही. सही तुमची, पैसे तुमचे, तुम्ही विचार करून करताय. एवढंच म्हणतो की मुलाखतीला वकिलाला बरोबर न्या. अर्ज पडून आहे म्हणून हद्दपारीपासून संरक्षण मिळतं असं नाही, आणि सध्याचे दिवस बरे नाहीत. तिचं वाईट व्हावं असं मला कधीच वाटलं नाही.

ऋतुगंध
वकील बरोबर असतीलच. नवऱ्याला आप्पांचा प्रतिसाद वाचायला दिला, त्याने होकार दिला. शनिवारी सही करतेय.

फ्रिस्कोकर, अमेरिकाज चिल्ड्रन अॅक्टसाठी मी आमच्या प्रतिनिधीच्या कार्यालयाला लिहिते. मी त्यांची मतदार आहे, तुम्हाला अजून मत नाही. मजकूर तुम्ही द्या, मुलाचं नाव न घालता. मैत्रीणही नवऱ्याला लिहायला सांगणार आहे. मुलाला २१ पूर्ण व्हायला किती अवकाश आहे?

फ्रिस्कोकर
येत्या मार्चमध्ये.

चाफा
मग एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) मध्ये बदलण्याचा अर्ज आत्ताच टाका, वाढदिवसाची वाट बघू नका. एच-४ संपण्याआधी अर्ज पोहोचला पाहिजे. कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून आधी आय-२० (प्रवेश मिळाल्याचा फॉर्म) घ्यावा लागतो, त्यालाच वेळ लागतो. आणि टेक्सासमध्ये असाल तर फीचा दर बदलेल का तेही त्याच भेटीत विचारा.