रात्री ८ ते ११ नेट मरतं, सकाळी एकदम ओके... एक्सचेंजचाच लोचा आहे का?

सातारी_कंदी:
मंडळी, डोकं फिरलंय. तालुक्याच्या गावी राहतो, घरी तांब्याच्या वायरीवरचं ब्रॉडबँड, प्लॅन ८ एमबीपीएसचा. सकाळी ६ ला स्पीड टेस्ट केली की ७.४ येतो, दुपारीही ४-५ मिळतो, पण रात्री आठ वाजले की जे काय होतं ते विचारू नका, ०.६ कधी ०.४, पोरीचा ऑनलाईन क्लास असला की मास्तर अर्ध्या शब्दावर तोंड उघडं ठेवून गोठतात. तीन वेळा तक्रार केली, लाईनमन येतो दुपारी १२ ला, टेस्ट करतो, म्हणतो साहेब तुमचं तर मस्त चाललंय, आणि चहा पिऊन जातो. मोडेम बदलला, १५०० गेले, फरक शून्य. आता कस्टमर केअरवाली म्हणते १६ चा प्लॅन घ्या. घेऊ का?

वायफाय_वेडा:
आधी वायफाय बंद कर आणि लॅन केबल लावून टेस्ट कर. ९० टक्के वेळा भिंती नाहीतर शेजाऱ्याचा राऊटर नडतो.

सातारी_कंदी:
केलं रे ते, केबलनेही तेच. आणि शेजारच्या काकांकडे त्याच कंपनीचं आहे, त्यांचंही त्याच वेळेला बसतं.

जुना_लाईनवाला:
काकांचंही त्याच वेळेला बसतं, हे पहिल्यांदाच लिहायला हवं होतंत, मोडेमचे १५०० वाचले असते :)
मी एक्सचेंजात नोकरी केलेला माणूस, आता रिटायर. एक काम करा. मोडेमच्या पानावर जा (बहुतेक १९२.१६८.१.१), तिथे डीएसएल (तांब्याच्या वायरीवरचं नेट) स्टेटस मध्ये डाऊनस्ट्रीम रेट, एसएनआर मार्जिन (लाईनवरच्या गोंगाटापुढे सिग्नलला किती वाव उरलाय) आणि अटेन्युएशन (वायरीत सिग्नल किती क्षीण होतो) दिसेल, सकाळी एकदा आणि रात्री साडेनऊला एकदा असे दोन्ही आकडे इथे टाका. तो रेट म्हणजे तुमचा मोडेम आणि एक्सचेंजातलं डीएसलॅम (सगळ्यांच्या वायरी जिथे येतात ते यंत्र) यांच्यात ठरलेला वेग, तुमच्या स्वतःच्या जोडीचा, त्यात दुसऱ्या कुणाचा वाटा नसतो. खांबावरच्या डीपीत (जोडणीच्या डब्यात) पाणी गेलं, जॉइंट गंजला, तर हा रेट पडतो, लाईन सारखी तुटते, फोनवर खरखर येते.

सातारी_कंदी:
घ्या काका.
सकाळी: रेट ९८०० केबीपीएस (म्हणजे ९.८ एमबीपीएस), एसएनआर १४, अटेन्युएशन ३१
रात्री ९.४०: रेट ९८००, एसएनआर १३, अटेन्युएशन ३१, आणि स्पीड ०.५!!
पिंग (सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ) पण बघितलं, राऊटरच्या पुढचा पहिलाच टप्पा सकाळी १८ आणि रात्री ४२० मिलिसेकंद.

जुना_लाईनवाला:
मग झालं की निदान. रेट रात्रीही तोच, म्हणजे एक्सचेंजपर्यंतची तुमची वायर ठणठणीत आहे, गर्दी त्याच्या पुढे, एक्सचेंजातून जिल्ह्याला जी लिंक जाते तिच्यावर. कनेक्शनं वाढवत गेले, लिंक तेवढीच राहिली. आठवतं का, पूर्वी दिवाळीला मुंबईला फोन लावला की बाई सांगायची "या मार्गावरील सर्व लाईन्स व्यस्त आहेत"? तुमचा फोन चांगला, मुंबईवाल्याचाही चांगला, मधली ट्रंक (दोन एक्सचेंजांमधली सामाईक लाईन) भरलेली. आताही तेच, फक्त बाई बोलत नाही, गोल चक्र फिरत बसतं. १६ चा प्लॅन मुळीच घेऊ नका. एकतर तुमची लाईन आत्ता ९.८ वर ठरतेय, तिच्यावर १६ कुठून येणार, आणि आली तरी पुढे त्याच गर्दीत उभं राहायचं.

फायबर_भाऊ:
सरळ फायबर घे ना भावा, तांब्यात काय ठेवलंय आता

जुना_लाईनवाला:
फायबर घ्यावं, पण त्याच एक्सचेंजातून त्याच लिंकवर जाणार असेल तर रात्री तिथेही हीच गत. पैसे भरायच्या आधी गल्लीत ज्याच्याकडे आहे त्याच्या घरी रात्री नऊला जाऊन टेस्ट करून या, आयपीएलची मॅच असलेल्या दिवशी गेलात तर उत्तमच.

कायद्याचं_बोला:
तक्रारीत "नेट स्लो आहे" असं लिहूच नको, ते लगेच लाईनमनकडे ढकलतात आणि तो बिचारा दुपारीच येणार, त्याच्या हातात ती लिंक थोडीच आहे. सात दिवसांचे सकाळ-रात्रीचे आकडे, स्क्रीनशॉट, मोडेमचा रेट, असं सगळं जोडून लिही की लाईन नीट आहे, एक्सचेंजच्या पुढच्या लिंकचं गर्दीच्या वेळचं युटिलायझेशन (ती किती भरते ते) तपासा. ट्रायच्या (दूरसंचार नियामक) २००६ च्या नियमांतच होतं की पीक अवरला लिंक ८० टक्क्यांच्या आत भरलेली हवी. डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) जपून ठेव, काही न करता डॉकेट बंद केलं तर त्यांच्याच अपील अथॉरिटीकडे ३० दिवसांच्या आत जा, फी नाही. थेट ट्रायला पत्र लिहून काही होत नाही, ते एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाहीत. आणि शेजारच्या काकांनाही तक्रार करायला लाव, एकाच एक्सचेंजच्या पाच-सहा आल्या की वर कुणीतरी विचारतं.

सातारी_कंदी:
अपडेट. शेजारचे काका धरून सात जणांनी तक्रारी टाकल्या. माझं डॉकेट दोन दिवसांत "समस्या सोडवली" म्हणून बंद, त्या रात्री स्पीड ०.५. काल अपील टाकलं सगळे आकडे लावून. आज एक्सचेंजातून एका साहेबांचा फोन आला, पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं की रात्री किती वाजता होतं. लिंक वाढवायचं वरती लिहिलंय म्हणाले, तारीख काय सांगितली नाही. तोवर पोरीचे व्हिडिओ पहाटे पाचला डाऊनलोडला लावून ठेवतोय.

वायफाय_वेडा:
पाचची वेळ इथे उघड सांगू नकोस, उद्यापासून तेव्हाही गर्दी होईल 😂