छावणीतल्या दवाखान्यात पेशंट सेफ्टी म्हणजे चैन आहे का?

धागालेखिका: परवा एका डॉक्टर मित्राशी कडाक्याचा वाद झाला. त्याचं म्हणणं, युद्ध, भूकंप, निर्वासितांची छावणी अशा ठिकाणी उपचार मिळतात हेच खूप, तिथे चेकलिस्ट नि चुकांची नोंद वगैरे मोठ्या हॉस्पिटलांचे लाड. मला अजिबात पटत नाही. २०१४ साली सीरियात इदलिबमध्ये गोवराची लस विरघळवायच्या द्रावाऐवजी अॅट्राक्युरियम वापरलं गेलं, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी स्नायू सैल करायचं औषध, त्याने श्वासच बंद पडतो. १५ मुलं गेली. २०१७ मध्ये दक्षिण सुदानात कापोएटाकडे गोवराच्याच लसीकरणात परत १५ मुलं, तिथे चार दिवस एकच सिरिंज सगळ्यांना वापरली आणि टोचणाऱ्यांत १२ वर्षांची मुलंसुद्धा होती. ही पोरं गोवराने नाही गेली, आपण द्यायला गेलो त्या उपचाराने गेली. याला चैन कसं म्हणायचं?

रात्रपाळी: वाईट झालंच, पण सहमत नाही. मी अशा कॅम्पात काम केलंय. रात्री एक नर्स आणि ६० पेशंट, बाहेर रांग वेगळीच, त्यात फॉर्म भरायचा कुणी आणि कधी? आणि चूक जाहीर केली की लोकांचा विश्वास उडतो. सीरियात त्या प्रकरणानंतर मोहीमच थांबवावी लागली, मग ज्यांना डोस मिळालाच नाही त्या पोरांचं काय?

भूलतज्ज्ञ: विश्वास चूक सांगितल्याने नाही हो उडत, मुलं गेल्याने उडतो. आठ शहरांतल्या हॉस्पिटलांत डब्ल्यूएचओची (जागतिक आरोग्य संघटनेची) १९ मुद्द्यांची सर्जरी चेकलिस्ट वापरून बघितली, तो अभ्यास २००९ मध्ये आला, त्यात टांझानियातलं इफाकारासारखं गावही होतं. मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आले. पेशंट कोण, ऑपरेशन कुठल्या बाजूचं, अॅलर्जी आहे का, एवढं मोठ्याने विचारायला कितीसा वेळ जातो?

आकडेमोड: अर्धीच गोष्ट सांगितलीत. कॅनडात ओंटारिओतल्या १०१ हॉस्पिटलांचा अभ्यास २०१४ ला आला, चेकलिस्ट सक्तीची करूनही मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक नाही. टिकमार्क करून कागद फाइलला लागतो, बस. जिथे ऑक्सिजन नाही तिथे आधी ऑक्सिजन न्या.

धागालेखिका: ऑक्सिजन हवाच, त्यावर वाद नाहीये. आणि कागदाबद्दल तुमचं खरंय, मी पण फॉर्म मागतच नाहीये. स्नायू सैल करायचं औषध लसीच्या जवळपास ठेवायचंच नाही, सिरिंज अशी आणायची की एकदा वापरली की दांडा परत मागेच येणार नाही, अँप्युल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, फोडायच्या आधी नाव मोठ्याने वाचायचं. यात कुठला फॉर्म आला? एक कागद मात्र हवाच, पेशंटच्या हातात. हैतीत २०१० च्या भूकंपानंतर बाहेरून आलेल्या कितीतरी टीम ऑपरेशनं करून निघून गेल्या, कधीकधी नोंदच नाही, मग मागून आलेल्याने जखम उघडून अंदाज बांधायचा. म्हणून तर डब्ल्यूएचओने २०१३ मध्ये बाहेरून येणाऱ्या टीमसाठी किमान निकष काढले.

रात्रपाळी: औषधं वेगळी ठेवायचं मान्य. पण नोंदीचं अजून पटत नाही, कारण मी काय झालं ते बघितलंय. आमच्याकडे एका नवीन मुलाने सारख्याच दिसणाऱ्या दोन अँप्युलमधली चुकीची भरली, थोडं औषध गेल्यावर त्याच्याच लक्षात आलं, त्यानेच ओरडून सांगितलं म्हणून बाई वाचली. दुसऱ्या दिवशी त्याला घरी पाठवलं. त्यानंतर तिथे कुणी म्हणजे कुणीच तोंड उघडलं नाही.

भूलतज्ज्ञ: अहो मग तुम्ही आमच्याच बाजूचे आहात. नोंद माणसाची नाही करायची, अँप्युलची करायची.

धागालेखिका: रात्रपाळी, एक विचारते. त्या मुलाला घरी पाठवल्यावर त्या अँप्युल वेगळ्या केल्या का?

रात्रपाळी: नाही. मी निघेपर्यंत दोन्ही एकाच ट्रेमध्ये होत्या.