उरणला ओहोटीच्या चिखलावर हजारो टोकदार शंख, हे कसले?

चिखल्या: रविवारी उरणला पक्षी बघायला गेलेलो, ओहोटी लागलेली आणि खाडीच्या चिखलावर बोटाच्या पेराएवढे टोकदार तपकिरी शंख नुसते पसरलेले. आधी वाटलं रिकामेच असतील, पण एकेकाच्या मागे बारीक रेघ ओढलेली, म्हणजे चालत होते ना ते? लेकीने पाच उचलून आणलेत, वाटीत पाणी घालून ठेवलेत, तोंडाशी गोल तपकिरी पापुद्रा दिसतोय पण हालचाल काहीच नाही. मेले का?

तिवर: पिरेनेला सिंग्युलाटा (शंखातली एक गोगलगाय) वाटतोय, जुन्या पुस्तकांत सेरिथिडिया सिंग्युलाटा म्हणून सापडेल. नख फिरवून बघा, वेढ्यांवर मण्यांच्या ओळी लागतील आणि वाढ पूर्ण झालेल्याचा ओठ बाहेर पसरलेला असतो. तो पापुद्रा म्हणजे त्याचं दार, आत ओढून घट्ट लावून बसतो, म्हणून मेला समजू नका. पण वाटीत नळाचं पाणी असेल तर आत्ताच्या आत्ता काढा, खाऱ्या पाण्यातला जीव आहे तो!

खाडीवाली: आमच्याकडे निवट्या (चिखलातले मासे) पकडायला चिखलात उतरलं की हेच तळव्याला टोचतात. दादा, त्यातला एखादा तुरुतुरु पळाला तर तो शंखातला जीव नाही हां, मेलेल्याच्या घरात खेकडा शिरलेला असतो. हा स्वतः अगदी सावकाश सरकतो.

तिवर: बरोबर ताई. आणि सरकता सरकता चिखलावरचा शेवाळाचा पातळ थर खात जातो. फिलिपिन्समध्ये माशांच्या तळ्यांत हाच थर माशांचं खाणं असतो, म्हणून तिथले मासेवाले ह्याला उपद्रवी धरतात. आपल्या खाडीत मात्र तो आपल्या जागी आहे. पक्ष्यांशीही त्याचा संबंध आहे बरं का, पक्ष्यांच्या आतड्यातले काही चपटे कृमी आधी ह्याच्या अंगात वाढतात, मग मासा किंवा खेकडा आणि तो खाल्ला की परत पक्षी.

चिखल्या: नळाचंच पाणी होतं, खूप वाईट वाटलं. लगेच बाईक काढली, लेकीला मागे बसवलं आणि खाडीवर गेलो. डबक्याच्या कडेला ठेवले आणि बसून राहिलो, वीसेक मिनिटांनी एकाचं दार किलकिलं झालं, सोंडेसारखं तोंड बाहेर, दोन बारीक शिंगं, आणि शंख जरासा उचलून निघाला की! लेक श्वास रोखून बघत होती. चार जण गेले, पाचवा दार लावूनच होता, भरती चढायला लागली तसं त्याला तिथेच ठेवून आलो.