जुन्या शर्टाचा फ्रॉक बेतताना मुंढ्यापाशी कापड का फाटले असावे?

प्रश्न

वडिलांचे चार सुती शर्ट मी कपाटात जपून ठेवले आहेत आणि ते आता कोणी घालत नसल्यामुळे त्यांतून माझ्या पाच वर्षांच्या मुलीसाठी फ्रॉक शिवावेत, अशी फार इच्छा आहे. पहिला फ्रॉक हौसेने शिवला. परंतु दुसऱ्यांदा घालतानाच मुंढ्याजवळ, म्हणजे हात घालायच्या भागाच्या कडेशी, टिपेच्या अगदी लगत कापड फाटले. दोरा मात्र शाबूत होता. मला मशीनवर सरळ टीप मारता येते आणि हाताने धावदोरा व तुरपाई जमते, यापलीकडे काही येत नाही. उरलेले तीन शर्ट वाया जाऊ नयेत, म्हणून विचारते, की चूक बेतण्यात झाली की शिवण्यात?

प्रतिसाद १

दोरा टिकला आणि कापड गेले, त्या अर्थी कापडच विरलेले असावे. वापरातला शर्ट सगळीकडे सारखा झिजत नाही. कॉलरची घडी, खांदे, कोपरे आणि काखेखालचा भाग आधी विरतो, तर पाठीचा मध्य आणि खालचा घेर बहुधा चांगला राहतो. आपण फ्रॉकचा मुंढा शर्टाच्या मुंढ्याजवळच बेतला असेल, तर सर्वांत अशक्त कापड सर्वाधिक ताणाच्या जागी आले. म्हणून कात्री लावण्याआधी शर्ट उजेडासमोर धरावा आणि जिथे विणीतून जास्त प्रकाश येतो किंवा हलक्या हाताने ओढताच धागे सरकतात, तो भाग खडूने खूण करून वगळावा.

शिवण्यातही थोडी काळजी हवी. पातळ सुती कापडाला ११ नंबरची नवी सुई लावा आणि टाका साधारण २.५ मिलिमीटरचा ठेवा, कारण टाके फार बारीक घातले की सुईची भोके जवळजवळ पडतात आणि कापड त्याच रेषेवर उसकते. मुंढ्याला आतून उरेप पट्टी, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी कापलेली पट्टी, लावलीत, तर ताण त्या पट्टीवरही वाटला जाईल.

प्रतिसाद २

वरील मताशी मी सहमत आहे. फक्त बटणपट्टी कापून टाकू नये, असे आग्रहाने सांगेन. शर्टाचा पुढचा भाग फ्रॉकची पाठ म्हणून बेतला, तर काज, बटणे आणि उघडझाप आयतीच मिळते व मुलीच्या डोक्यातून गळा सहज जातो. नव्याने काज करणे हे नवशिक्याचे सर्वांत अवघड काम असते.

सगळ्या शिवणी उसवत बसण्याचीही गरज नाही. कापड पुरेसे असेल, तर शिवणीच्या कडेने सरळ कापावे. अपुरे असेल तेवढ्याच ठिकाणी उसवावे. खिसा काढायचा असल्यास आधी विचार करा, कारण त्याखालचे कापड उन्हाने विटलेले नसते आणि तिथे गडद चौकोन दिसत राहतो.

प्रतिसाद ३

माप घेण्यासाठी मुलीला नीट बसणारा एखादा फ्रॉक शर्टावर पसरावा, दोन्हींचा उभा धागा, म्हणजे कापडाच्या लांबीच्या दिशेने जाणारा धागा, एका दिशेत आणावा आणि भोवती १.५ सेंटिमीटर जादा ठेवून खूण करावी. घेराला चुण्या हव्या असतील, तर कंबरेच्या मापाच्या दीडपट ते दुप्पट कापड घ्यावे, कडेला ४ ते ५ मिलिमीटर टाक्याच्या दोन समांतर टिपा मारून त्यांचे खालचे दोरे एकत्र ओढावेत. एकाच टिपेवर ओढल्यास दोरा तुटला की सगळे पुन्हा करावे लागते. कच्चा धावदोरा घालून एकदा मुलीच्या अंगावर पाहिल्याशिवाय पक्की टीप मारू नये. खाली ५ सेंटिमीटर दुमड ठेवलीत, तर पुढच्या वर्षी फ्रॉक लांब करता येईल.

प्रश्नकर्ती

तिन्ही शर्ट उजेडासमोर धरून पाहिले. दोघांचे खांदे पार विरले आहेत. त्यामुळे त्यांच्या खालच्या घेराचे नेफ्यात इलॅस्टिक घातलेले स्कर्ट करीन. तिसरा निळा शर्ट धड आहे. त्याचा फ्रॉक बटणपट्टी पाठीमागे घेऊन बेतते आहे, आणि खिसा उसवण्याऐवजी तो पाठीवर जसाच्या तसा राहील, असे माप धरले आहे.